झेब्राफिश, तळ्यातले विषाणू आणि माशांची प्रतिकारशक्ती: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत झेब्राफिश सांभाळते. विषाणू अंगात शिरला की माशाचं शरीर त्याच्याशी कसं झुंजतं, हे पाहणं माझं काम. शाळेतली मुलं, पदवीचे विद्यार्थी, पादरा-डभोईकडचे तळेवाले आणि दांडिया बाजारातली माझी मावशी, असे सगळे मिळून तेच तेच प्रश्न विचारतात. प्रश्न चांगले असतात आणि घाईत दिलेली उत्तरं अपुरी पडतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

झेब्राफिश म्हणजे दुकानात मिळतो तोच मासा का?

हो, तोच. निळसर-रुपेरी आडव्या पट्ट्यांचा, तीन-चार सेंटिमीटरचा, टाकीत एक क्षण स्वस्थ न बसणारा. त्याचं शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. पुष्कळांना तो परदेशी वाटतो, पण तो आपल्याच भागातला आहे. भारत, बांगलादेश आणि नेपाळातले संथ ओढे, भातखाचरं, उथळ डबकी ही त्याची मूळ घरं. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचा अभ्यास करून १८२२ साली त्याची नोंद केली. जगभरच्या प्रयोगशाळांत तो पोचला तो पुढे, अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम केल्यानंतर. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१ चा.

रोहू-कटल्याचा आजार समजून घ्यायचा तर रोहूवरच प्रयोग का करत नाही?

करावाच लागतो, पण शेवटी. सुरुवात रोहूपासून केली तर काय अडचण येते ते सांगते.

रोहूची मादी दोनेक वर्षांनी अंड्यावर येते, तीही पावसाळ्याच्या आसपास आणि तिला मोठं तळं लागतं. झेब्राफिश तीन महिन्यांत प्रौढ होतो, बारा महिने अंडी देतो आणि चपलांच्या खोक्याएवढ्या टाकीत सुखाने राहतो. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. एका सकाळी हजार सारखी पिल्लं हाताशी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मोजमाप करणाऱ्यालाच कळतं. वीस माशांवरून काढलेला निष्कर्ष डळमळतो, पाचशेंवरून काढलेला उभा राहतो.

याहून मोठं कारण म्हणजे त्याचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. चोवीस तासांत त्याचं हृदय धडधडू लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही ते बघू शकता. रक्तपेशी एकामागोमाग शेपटीकडे जाऊन परत येताना दिसतात. २००६ साली अशी झेब्राफिश तयार झाली की जिच्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे जखमेकडे सर्वांत आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी, हिरव्या चमकतात. नंतर मॅक्रोफेज, म्हणजे शत्रूला गिळणाऱ्या मोठ्या पेशी, चमकणारी वाणंही आली. विषाणूलाच लाल चमकणारं प्रथिन जोडलं तर जिवंत पिल्लात लाल शत्रू आणि हिरवे शिपाई एकाच चौकटीत दिसतात. रोहूच्या बाबतीत मासा मारून, कापून, एका क्षणाचं चित्र मिळतं. इथे चित्रपट मिळतो.

तिसरं कारण नात्याचं. झेब्राफिश, रोहू, कटला, मृगळ आणि कॉमन कार्प हे सगळे माशांच्या एकाच गणातले, म्हणजे लांबचे चुलतभाऊ. सामन किंवा ट्राउट यांच्यापेक्षा आपल्या तळ्यातला मासा झेब्राफिशला कितीतरी जवळचा आहे. त्याची संपूर्ण जनुकसंपदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रथिनं बनवणारी २६ हजारांहून अधिक जनुकं मोजली गेली आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं किमान एक जोडीदार जनुक त्यात सापडलं. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने तर भारतातल्या रानटी झेब्राफिशचा जनुकक्रम २००९ मध्येच वाचला होता.

माशांनाही आपल्यासारखी प्रतिकारशक्ती असते?

असते, फक्त घराची मांडणी वेगळी. आपल्या रक्तपेशी हाडांतल्या मगजात तयार होतात, माशाच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात. त्याला काखेत, मानेत गाठी नसतात. थायमस आणि प्लीहा मात्र असतात. आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या प्रौढ तांबड्या पेशींत नसतं. त्यामुळे काही विषाणू माशाच्या तांबड्या पेशींतच बस्तान मांडतात. सामनचा एक रिओव्हायरस नेमका तेच करतो.

लढाईच्या फळ्या दोन. पहिली जन्मजात, जी शत्रू कोण हे न विचारता धावते. दुसरी शिकलेली, जी एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवते आणि अँटिबॉडी बनवते. माशांत आयजीएम ही अँटिबॉडी असतेच, शिवाय आतडं, कल्ले आणि त्वचा राखणारी एक खास अँटिबॉडी असते. ट्राउटमध्ये तिला आयजीटी म्हणतात, झेब्राफिशमध्ये आयजीझेड. दोन्हींचा शोध २००५ च्या सुमारास लागला. ज्या प्राण्याचं अख्खं अंग चोवीस तास पाण्यात भिजलेलं असतं, त्याच्यासाठी त्वचेवरचा हा पहारा किती मोलाचा असेल, विचार करा.

विषाणू पेशीत शिरला की नेमकं काय घडतं?

आपल्या जुन्या बडोद्यातली एखादी पोळ डोळ्यांसमोर आणा. भिंतीला भिंत लागून घरं, मध्ये अरुंद वाट. एका घरात चोर शिरला. त्या घरातल्या माणसाला आपला माल वाचवता येईलच असं नाही, पण तो ओरडू शकतो. आरडाओरडा ऐकून शेजारची घरं कड्या लावून घेतात आणि चोराला पुढचं घर मिळत नाही.

त्या ओरडण्याचं नाव इंटरफेरॉन. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते कोंबडीच्या अंड्यांतल्या पेशींवर काम करताना ओळखलं. माशांतही तीच युक्ती आहे. बऱ्याच विषाणूंच्या वाढीत दुहेरी धाग्याचं आरएनए तयार होतं, जे निरोगी पेशीत सहसा नसतं. पेशीतली काही प्रथिनं हा परका धागा ओळखतात, निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. इंटरफेरॉन बाहेर पडून शेजारच्या पेशींच्या ग्राहकांवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांवर, बसतं, आणि त्या पेशी शेकडो संरक्षक जनुकं जागी करतात. त्यांतलं एक एमएक्स, दुसरं व्हायपेरिन. व्हायपेरिनची गंमत अशी की माशांतलं हे जनुक विषाणूग्रस्त ट्राउटमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी सापडलं आणि आज माणसाच्या विषाणूंवर काम करणारेही त्याचा अभ्यास करतात. तळ्यातल्या आजारावरचं काम माणसाच्या उपयोगी पडतं, ते असं.

झेब्राफिशमध्ये या वर्गातली चार इंटरफेरॉनं आहेत. दोन-दोनचे गट, दोन्ही गटांचे ग्राहक वेगळे. चिकुनगुन्याच्या विषाणूवर पॅरिसमधल्या पाश्चर संस्थेत झालेल्या कामात असं दिसलं की पिल्लात यकृताच्या पेशींबरोबरच न्यूट्रोफिलही मोठ्या प्रमाणात इंटरफेरॉन बनवतात. न्यूट्रोफिल म्हणजे जिवाणू गिळणारी पेशी, अशी आमची पाठ्यपुस्तकातली समजूत होती. ती आजही खरी आहे, पण पुरी नाही.

प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो?

संध्याकाळी नर-मादी एका छोट्या टाकीत ठेवायचे, मध्ये पारदर्शक पडदा, खाली जाळी. जाळी नसेल तर आई-बाप स्वतःचीच अंडी खातात. खोलीत १४ तास उजेड, १० तास अंधार. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात अंडी जाळीखाली पडतात. ती धुवून, मेलेली बाजूला काढून, २८.५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दोन ते तीन दिवसांत पिल्लं फुटतात.

मग ट्रायकेन हे भुलीचं औषध पाण्यात घालून पिल्लू झोपवायचं आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने रक्तवाहिनीत एका लिटरच्या अब्जांश भागाएवढा थेंब सोडायचा. अर्ध्या पिल्लांना विषाणूचा थेंब, अर्ध्यांना नुसतं क्षारपाणी. हा दुसरा गट नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही, कारण सुई टोचल्यानेच काही जनुकं जागी होतात. ठरलेल्या तासांनी काही पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, काहींचं आरएनए काढून इंटरफेरॉन, एमएक्स, व्हायपेरिन किती वाढलं ते मोजायचं, आणि विषाणू किती वाढला तेही.

एखाद्या जनुकाचं काम जाणायचं असेल तर ते बंद करून बघतात. पूर्वी त्यासाठी मॉर्फोलिनो, म्हणजे जनुकाचं काम अडवणारा कृत्रिम रेणू, वापरत, ज्याचा परिणाम काही दिवसच टिकतो. २०१३ पासून क्रिस्परने जनुक कायमचं कापता येतं. संरक्षक वाटणारं जनुक कापल्यावर मासा जास्त आजारी पडला, तर आपला अंदाज बरोबर.

आमच्याकडे बरेचसे प्रयोग जिवंत विषाणूशिवायच होतात. पॉली-आयसी नावाचा कृत्रिम दुहेरी धागा मिळतो. तो टोचला की शरीराला विषाणू आल्यासारखं वाटतं आणि सगळी यंत्रणा कामाला लागते, पण वाढणारं, पसरणारं काही नसतं. विद्यार्थ्यांना मी आधी यावरच शिकवते.

पिल्लांवरच का? मोठ्या माशावर का नाही?

झेब्राफिशची शिकलेली प्रतिकारशक्ती चार ते सहा आठवड्यांनी पक्की होते. त्याआधी पिल्लू फक्त जन्मजात शक्तीवर जगतं. पहिल्या काही दिवसांत प्रयोग केला की एकच फळी लढताना दिसते, दुसरीची सरमिसळ होत नाही. माणसात किंवा उंदरात अशी फोड करायला फार खटपट लागते, इथे ती निसर्गानेच करून दिली आहे. लशीचा, म्हणजे आठवणीचा प्रश्न असेल तर मात्र प्रौढ मासाच लागतो.

तापमानावर तुम्ही एवढा जोर का देता?

कारण या विषयात सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि तळेवाल्यांना सर्वांत जास्त उपयोगही याचाच होतो. या एका प्रश्नाला मी वेळ घेणार आहे.

मासा शीतरक्ताचा. पाणी जेवढं गरम तेवढा तो गरम. विषाणूची वाढ आणि माशाचा प्रतिकार ही दोन घड्याळं एकाच पाण्यात चालतात, पण दोन्हींचा वेग तापमानाबरोबर सारखा बदलत नाही. कार्पचा स्प्रिंग व्हायरेमिया हा आजार युरोपात वसंतात येतो, पाणी साधारण १० ते १७ अंश असताना. तेव्हा विषाणूला वाढता येतं आणि हिवाळ्यातून नुकतंच बाहेर पडलेलं माशाचं शरीर अजून सुस्त असतं. पाणी तापलं की मासा वरचढ ठरतो. ट्राउटचे दोन मोठे विषाणू, आयएचएनव्ही आणि व्हीएचएसव्ही, हेही थंड पाण्यातले.

आता अडचण बघा. झेब्राफिश २८ अंशांचा मासा. त्याला थंड पाण्याचा विषाणू द्यायचा तर कुणाला तरी तडजोड करावी लागते. माशाला हळूहळू १५ अंशांवर आणलं तर व्हीएचएसव्ही लागतो, पण तेव्हा आपण एका गारठलेल्या माशाची प्रतिकारशक्ती मोजत असतो. पाश्चर संस्थेच्या गटाने दुसरी वाट धरली: गरम पाण्यात वाढायची सवय लावलेला आयएचएनव्ही वापरला आणि पिल्लं २४ अंशांवर ठेवली. त्यात दिसलं की विषाणूचा पहिला घाला रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर होतो, मग रक्ताचं फिरणं मंदावतं आणि थांबतं. हे उघड्या डोळ्यांसमोर दिसलं, म्हणून कळलं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. उत्तरायणाच्या सुट्टीत एक प्रयोग चालू होता. पॉली-आयसी टोचून बारा तासांनी नमुने घ्यायचे होते. एका जनुकाला बंद केलेली पिल्लं एका इन्क्युबेटरमध्ये, साधी पिल्लं दुसऱ्यात. निकालात बंद जनुकाच्या पिल्लांत इंटरफेरॉन जवळजवळ नव्हतंच. विद्यार्थिनीला वाटलं, मोठा शोध लागला. तिचा आनंद बघून मलाही आनंद झाला. मग तापमानाची नोंद काढली. त्या इन्क्युबेटरचा हीटर रात्री बंद पडला होता आणि जानेवारीच्या थंडीत आतलं पाणी २१ अंशांपर्यंत उतरलं होतं. इंटरफेरॉन नव्हतं असं नाही, ते उशिरा येणार होतं. आम्ही सगळं पुन्हा केलं, दोन्ही गट एकाच कप्प्यात ठेवून, आणि फरक नाहीसा झाला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक निकालाच्या कागदावर तापमानाचा आलेख चिकटवलेला असतो. तुम्ही कुणाचाही या विषयावरचा शोधनिबंध वाचाल तेव्हा आधी पद्धतीच्या भागात तापमान शोधा. ते दिलेलं नसेल तर पुढचं वाचताना सावध राहा.

आणि माशाला स्वतःला हे ठाऊक आहे, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. टाकीच्या एका टोकाला पाणी कोमट आणि दुसऱ्याला गार ठेवलं, तर दुहेरी धाग्याचं आरएनए टोचलेले झेब्राफिश कोमट टोकाकडे जाऊन राहतात. आपल्याला ताप आतून येतो, मासा ताप शोधत जातो. कॉमन कार्पही कोई हर्पिस विषाणू लागल्यावर तसंच करतात. त्या विषाणूकडे यावर डाव आहे: तो एक फसवं ग्राहक प्रथिन सोडतो, त्यामुळे माशाचं कोमट पाण्याकडे जाणं लांबतं आणि विषाणूला वाढायला वेळ मिळतो. सगळीकडे एकाच तापमानाच्या टाकीत मासा ठेवला की त्याच्या हातातलं हे शस्त्र आपण काढून घेतो. तळ्यात थोडा खोल आणि थोडा उथळ भाग ठेवण्याचा जुना रिवाज मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो.

झेब्राफिशमध्ये कोणकोणते विषाणू अभ्यासले गेले आहेत?

वर आलेले चिकुनगुन्या, स्प्रिंग व्हायरेमिया, आयएचएनव्ही आणि व्हीएचएसव्ही, शिवाय नोडाव्हायरस आणि तिलापिया लेक व्हायरस हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

नोडाव्हायरस मेंदू आणि डोळ्याचा पडदा पोखरतो. जिताड्याची पिल्लं हॅचरीत गोल गोल फिरत मरतात ती बऱ्याचदा यामुळे. झेब्राफिशच्या पिल्लांत तो झपाट्याने वाढतो, प्रौढांत रेंगाळत राहतो. पिल्लांमध्ये इंटरफेरॉनचा प्रतिसाद पुरेसा उठत नाही, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. हॅचरीत पहिल्या आठवड्यांतच सर्वनाश का होतो आणि मोठा मासा निरोगी दिसत असूनही विषाणू का वाहतो, याचा धागा इथे मिळतो. या विषाणूवर चेन्नईच्या सीबा संस्थेने लसही तयार केली आहे.

तिलापिया लेक व्हायरसची ओळख इस्रायलमधल्या कामातून २०१४ साली झाली. त्याचं जनुकद्रव्य दहा तुकड्यांत असतं. पुढे तो भारतातही सापडला. झेब्राफिशला तो टोचला तर लागतो, पण नुसत्या पाण्यातून किंवा आजारी माशासोबत ठेवल्याने लागत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मग झेब्राफिशमध्ये दिसलं ते रोहूत, तिलापियात तसंच असतं का?

नाही. झेब्राफिश साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

सुईने आपण विषाणूला थेट आत नेऊन सोडतो. तळ्यात त्याला आधी चिकट थर, त्वचा, कल्ले, आतडं ओलांडावं लागतं. सगळी पहिली तटबंदी सुई वगळून टाकते. सामन-ट्राउटच्या पूर्वजांत अख्खी जनुकसंपदा एकदा आणखी दुप्पट झाली, म्हणून त्यांच्याकडे इंटरफेरॉनची जनुकं झेब्राफिशहून कितीतरी जास्त आहेत. एका जनुकाचं काम तिथे चार जनुकांत वाटलेलं असू शकतं. आणि प्रयोगशाळेतला मासा पूर्ण निरोगी आहे हे तरी कशावरून? २०१९ मध्ये प्रयोगशाळांतल्या धडधाकट दिसणाऱ्या झेब्राफिशमध्येच एक पिकोर्नाव्हायरस आढळला. आपण ज्याला कोरी पाटी समजत होतो तिच्यावर आधीच काही लिहिलेलं होतं.

म्हणून क्रम असा: झेब्राफिशमध्ये शंभर शक्यतांमधून पाच निवडायच्या, त्या पाच रोहूच्या पेशींत तपासायच्या, उरलेल्या एक-दोन रोहूच्या बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांत. जो संशोधक पहिल्या पायरीवरून थेट तळ्याबद्दल बोलतो, त्याला पुढच्या दोन पायऱ्यांचं विचारा.

कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी हा मासा उपयोगी आहे का?

दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर नातेवाईक असणारे हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर नाही असंच आहे. कोळंबी मासा नाही, तिला पाठीचा कणा नाही, ती अँटिबॉडी बनवत नाही. तिची लढाईची रीतच निराळी. तिच्यासाठी कोळंबीवरच काम करावं लागतं.

यातून लस मिळते का?

थेट नाही, पण लशीची कोणती रीत चालेल आणि का, हे कळायला मदत होते. ट्राउट-सामनच्या आयएचएनव्हीवरची डीएनए लस कॅनडात २००५ मध्ये मंजूर झाली. ती टोचल्यावर सुरुवातीच्या दिवसांत मिळणारं संरक्षण इंटरफेरॉनमुळे असतं, अँटिबॉडी नंतर येतात. असे दोन टप्पे वेगळे करून बघायला पारदर्शक मासा फार कामाचा. आपल्याकडचा खरा प्रश्न खर्चाचा आहे. सामन किलोने महाग, त्याला एकेकाला टोचणं परवडतं. रोहूच्या लाखभर मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे इवल्याशा पिल्लांना, कोण टोचणार? पाण्यातून किंवा खाद्यातून देता येईल अशी लस हवी, आणि त्यासाठी आतडं-कल्ल्यांची प्रतिकारशक्ती समजायला हवी. मला स्वतःला पुढची दहा वर्षं याच प्रश्नावर घालवायची आहेत.

हे विषाणू माणसाला लागतात का? शहराच्या पाण्यात गेले तर?

वर सांगितलेले माशांचे विषाणू माणसाला आजार देतात असं आढळलेलं नाही. नीट शिजवलेला मासा खायला हरकत नाही. माशांना मात्र धोका असतो, म्हणून प्रयोगशाळेतलं एकही भांडं पाणी थेट गटारात जात नाही. क्लोरीन घालून, ठरलेला वेळ थांबून मगच सोडतो. मेलेली पिल्लं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, जातात. जे विषाणू आपल्या देशात नाहीत ते आम्ही आणत नाही. विश्वामित्री आपल्या दारातून वाहते, आणि तिच्यात मासे, कासवं, मगरी सगळे आहेत.

माशांना त्रास होत नाही का?

होतो, आणि ते मान्य करूनच काम करावं लागतं. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, संस्थेची प्राणी-नीती समिती आहे. किती मासे, कशासाठी, कमी माशांत भागेल का, हे आधी लिहून द्यावं लागतं. पिल्लू पाचव्या दिवसाच्या सुमारास स्वतः खायला लागतं. युरोपचे नियम तिथून पुढे त्याला संरक्षित प्राणी मानतात, म्हणून जमतील ते प्रयोग त्याआधी संपवतो. "किती मेले" हे मोजत बसण्याऐवजी ठरावीक लक्षणं दिसताच भूल देऊन थांबवतो. माझी मावशी अजूनही म्हणते, पाप लागेल. मी तिच्याशी वाद घालत नाही. एक टाकी कमी वापरता आली तर त्या दिवशी तिला फोन करून सांगते.

२०२४ च्या पुरात तुमच्या माशांचं काय झालं?

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री शहरात शिरली, वीज गेली. पाणी आमच्या मजल्यापर्यंत आलं नाही, पण पंप थांबले. टाकीतलं फिरतं पाणी थांबलं की प्राणवायू झपाट्याने उतरतो. बॅटरीवरचे एअर पंप होते, ते निम्म्या टाक्यांना पुरले. उरलेल्यांत आम्ही दोघी-तिघी मगाने पाणी वरून ओतत राहिलो. खाद्य बंद ठेवलं, कारण उपाशी मासा कमी प्राणवायू वापरतो आणि पाणीही कमी घाण करतो. बहुतेक मासे वाचले. त्यानंतर तीन महिने मात्र त्या माशांवर प्रतिकारशक्तीचा एकही प्रयोग केला नाही. ताण आला की माशात कॉर्टिसॉल वाढतं आणि प्रतिकार दबतो. तळ्यातून मासे पकडून, टेम्पोतून हलवल्यावर आठवड्याभराने आजार का उफाळतो, त्याचं कारणही हेच.

माझ्या तळ्यात मासे मरत आहेत. विषाणू असेल का?

आधी वेळ सांगा. पहाटे मासे वर येऊन धापा टाकत असतील, मोठे आधी मरत असतील आणि ऊन चढल्यावर बरं वाटत असेल, तर बहुधा प्राणवायू कमी पडतो आहे. ढगाळ दिवस, दाट हिरवं पाणी, जास्त खाद्य ही त्याची नेहमीची साथ. लगेच पाणी उसळवा, खाद्य थांबवा. विषाणूचा आजार सहसा एकाच जातीवर किंवा एकाच वयावर उतरतो आणि मरतूक दिवसागणिक चढत जाते.

शंका आली तर मेलेला नव्हे, मरणपंथाला लागलेला मासा तपासणीला द्या. मेलेल्या माशात तासाभरात सडण्याचे जिवाणू भरतात आणि विषाणूचं आरएनए तुटतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा, त्याच दिवशी पोचवा, सोबत पाण्याचं तापमान लिहा. मत्स्य विभागाच्या तालुका कार्यालयात कळवा. केंद्राचं 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं मोबाइल अ‍ॅपही आहे. दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिक तळ्यात टाकू नका, विषाणूवर ती काहीच करत नाही. मेलेले मासे कालव्यात फेकू नका, चुना घालून पुरा. आणि त्या तळ्याची जाळी दुसऱ्या तळ्यात नेऊ नका, वाळवल्याशिवाय तर मुळीच नाही.

बडोद्यात बसून माशांवर संशोधन, हे थोडं वेगळंच नाही का?

मला नाही वाटत. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ बडोदे संस्थानात असताना सयाजीराव महाराजांच्या सरकारने समुद्री जिवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणी करून घेतली होती. तिचा पहिला अहवाल १९०९ चा.

मुलांना घेऊन प्रयोगशाळा बघायला येता येईल का?

जरूर या, आधी कळवून. घरी मत्स्यालय असेल तर त्या दिवशी त्यात हात घालून येऊ नका, आणि आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. टाकीच्या काचेवर टकटक करायची नाही. सकाळी नऊच्या आत पोचलात तर बरं, कारण दिवे नऊला लागतात. पडदा आम्ही मुलांनाच काढायला देतो, आणि मग सगळे जाळीखाली बघत गप्प उभे राहतात.